आळशी सून आणि गुणी बाळ



आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो विषय तुमच्या प्रत्येकाच्या गळ्यात आहे. अगदी शब्दशः. कंठमण्याच्या थोडं खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. वजन जेमतेम वीस ग्रॅम. पुस्तकी मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. पण आता खेड्यापाड्यांतही 'थायरॉइड' हाच शब्द रुळला आहे, तेव्हा मीही तोच वापरते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीसहून अधिक वर्षं दवाखाना चालवला. या काळात रोगांच्या नावांपेक्षा माणसांना लावलेली विशेषणंच माझ्या कानांवर जास्त पडली. 'ही आळशी आहे', 'हा जरा मंदच आहे', 'बाळ मोठं गुणी आहे हो'. यांतली काही विशेषणं त्या माणसाची नव्हतीच, त्याच्या गळ्यातल्या ग्रंथीची होती, हे समजायला मलाही वेळ लागला. दोन प्रसंग सांगते.

पहिला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हिला काहीतरी ताकदीचं द्या, नाहीतर दोन शब्द तरी सांगा. सकाळी हाका मारून मारून माझा घसा बसतो, पण ही काही उठत नाही. दोन भाकऱ्या थापल्या की बसली भिंतीला टेकून."

सून मान खाली घालून बसली होती. वय अठ्ठावीस-तीस, चेहरा फिकट आणि किंचित सुजल्यासारखा. मी पापणी ओढून पाहिली, 'रक्त कमी आहे' म्हटलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला टॉनिक दिलं. त्याच्या पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं, तेव्हा 'भात कमी कर, रोज फिरायला जात जा' असा उपदेशही केला. दिवसभर शेतात खुरपणाऱ्या बाईला मी फिरायला जा म्हणून सांगत होते! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं अकरा महिने चाललं.

मग एप्रिलमध्ये ती पुन्हा आली. दवाखान्यात पंखा गरगरत होता, मी घामानं भिजले होते, आणि हिच्या अंगात स्वेटर. मी विचारलं, "अगं, तुला उकडत नाही का?" ती म्हणाली, "न्हाई बाई, मला सारखी थंडीच वाजती." आवाज घोगरा आला. सर्दी झालीय का म्हणून विचारलं, तर सासूबाईच म्हणाल्या, "वर्षभर हिचा गळा असाच आहे. आधी भजनात हीच पुढं असायची."

तेव्हा कुठे मी इतके महिने न विचारलेले प्रश्न विचारले. पोट साफ होत नव्हतं. पाळीत फार रक्त जात होतं. केस गळत होते, कातडी कोरडी पडली होती. नाडी मिनिटाला चोपन्न. टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडीनं हलकेच मारलं की पाऊल झटक्यात हलतं आणि झटक्यात जागेवर येतं. तिचं पाऊल हललं, पण परत यायला वेळ घेत होतं. मी रक्ताचा नमुना पुण्याला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यातला टी.एस.एच. हा आकडा शंभराच्या वर होता. निरोगी माणसात तो साधारण अर्धा ते पाचच्या आत असतो.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे हिचा थायरॉइड वाढलाय?"

हा प्रश्न आजही रोज विचारला जातो, आणि त्यात मोठा गैरसमज आहे. आकडा वाढलेला होता, पण तिची थायरॉइड जवळजवळ बंद पडली होती. हे कोडं सोडवायचं तर शरीरात निरोप कसे जातात, ते आधी पाहायला हवं.

निरोप धाडायच्या दोन मुख्य पद्धती शरीराकडे आहेत. एक मज्जातंतूंची. तापल्या तव्याला बोट लागलं की हात क्षणात मागे येतो. ही झाली टेलिफोनची तार. दुसरी पद्धत रक्तातून निरोप सोडण्याची. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, त्या नळीतून लाळ तोंडात येते. पण थायरॉइड, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियुषिका, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, यांना अशी नळी नाही. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. म्हणून त्या अंतःस्रावी ग्रंथी, आणि त्यांच्या स्रावातली रसायनं म्हणजे संप्रेरकं. यांनाच आपण हार्मोन म्हणतो.

हा दुसरा मार्ग खरोखर आहे, याचा भक्कम पुरावा मिळाला १९०२ साली. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू तोडून टाकले आणि त्या भागात आम्ल सोडलं. तार तोडली होती, म्हणजे निरोप जायला नको होता. तरीही थोड्याच वेळात स्वादुपिंडातून पाचक रस पाझरू लागला. आतड्यानं रक्तातून काहीतरी धाडलं होतं. पुढे १९०५ साली स्टार्लिंगनी अशा द्रव्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चालना देणं'.

आता तुम्ही म्हणाल, रक्त तर सगळ्या शरीरातून फिरतं, मग निरोप नेमका हव्या त्या अवयवालाच कसा मिळतो? पूर्वी गावात दवंडी पिटत, ती आठवा. दवंडी सगळ्या गावाला ऐकू जायची. पण 'ज्यांची पट्टी थकली असेल त्यांनी चावडीवर यावं' असं म्हटलं की उठायचे ते तेवढेच लोक. संप्रेरकांचंही तसंच आहे. ज्या पेशींमध्ये त्या संप्रेरकाला पकडणारे ग्राही रेणू असतात, त्याच पेशी निरोप घेतात. बाकीच्यांच्या दारावरून तो नुसता जातो.

थायरॉइडची दवंडी मात्र शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक घराला लागू असते. अन्नातल्या आयोडीनपासून ही ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-फोर म्हणतात. त्यातला एक अणू निघाला की टी-थ्री होतं, आणि खरं काम मुख्यतः हे टी-थ्री करतं. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन तिथल्या जनुकांना सांगतं, की इंधन किती जाळायचं, उष्णता किती निर्माण करायची, कामाचा वेग किती ठेवायचा. हा निरोप कमी पडला की हृदय, आतडी, कातडी, स्नायू, मन, सगळ्यांचाच वेग मंदावतो. त्यामुळे या आजाराची तक्रार एका जागी सापडत नाही. तो हळूहळू, महिनोन्महिने चढत जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की माणूसच बदलला.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. मी त्यांना विचारलं, "सूनबाई एका हाकेत उठली, तर तुम्ही आवाज चढवाल का?" त्या म्हणाल्या, "कशाला चढवीन?" म्हटलं, "आणि नाही उठली तर?" त्या हसल्या. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला अशीच हाक मारते. त्या हाकेचं नाव टी.एस.एच. रक्तात थायरॉक्सिन पुरेसं असलं की पियुषिका आणि तिच्यावर देखरेख करणारा मेंदूचा भाग, दोघेही शांत असतात. ते कमी पडलं की हाक वाढते. थायरॉइड दाद देत नसेल तर हाक चढतच जाते. म्हणून आकडा मोठा असला तर बहुतेक वेळा समजायचं, की ग्रंथी मंदावली आहे. उलट ग्रंथी बेफाम काम करत असेल, तर हाक जवळजवळ थांबते आणि टी.एस.एच. शून्याच्या आसपास येतो. अशा माणसाला घाम फार येतो, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन घटतं, आणि घरचे म्हणतात, 'हा फार तापट झालाय'.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही माझं ऐकत नव्हती असं न्हाई. हिच्या गळ्यातली गाठच ऐकत नव्हती."

मी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. दिवसाला शंभर मायक्रोग्रॅम लागतात असं धरलं, तर एक ग्रॅम थायरॉक्सिन एका माणसाला सत्तावीस वर्षं पुरेल. परिणाम मात्र सावकाश दिसतो. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा स्वेटर नव्हता, चेहऱ्यावरची सूज ओसरली होती. सासूबाई तिला बाहेर बसवून एकट्याच आत आल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर मी तिला काय काय बोलले हो." मी म्हटलं, "मीही बोलले."

हा धडा वैद्यकशास्त्रालाही महागातच शिकावा लागला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे अत्यंत कुशल शल्यविशारद होते. डोंगराळ मुलुखात गलगंडाचे रोगी फार. कोखर सगळी थायरॉइड सफाईनं काढून टाकत, रोगी वाचत, जखमा छान भरून येत. काही वर्षांनी त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना पुन्हा बोलावून तपासलं आणि ते हादरले. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती, त्यांच्यापैकी बहुतेक जण सुजलेले, संथ, मंदबुद्धी झाले होते. मुलांची वाढ खुंटली होती. १८८३ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडलं, आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते थायरॉइडवरच्या कामासाठीच. मला त्यांच्या हातातल्या कसबापेक्षाही जुन्या रोग्यांना परत बोलावण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

इलाज सापडला तो १८९१ साली. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या आजारी बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे अर्क घेत घेत अठ्ठावीस वर्षं जगली.

आपल्या देशातलं उदाहरण कांगडा खोऱ्याचं. हिमालयाच्या उतारावरच्या जमिनीतलं आयोडीन पाऊस आणि पूर धुऊन नेतात, आणि मग गावंच्या गावं गलगंडानं ग्रासतात. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि एका भागात साधं. काही वर्षांत आयोडीनच्या भागात गलगंड स्पष्टपणे कमी झाला. त्यातूनच पुढे १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मिठाच्या पुडीवर आज 'आयोडीनयुक्त' असं लिहिलेलं असतं, त्यामागे हे काम आहे.

मात्र याचा अर्थ थायरॉइड मंदावली म्हणून मीठ जास्त खावं, असा नाही. ज्यांना आयोडीन पुरेसं मिळतं, त्यांच्यात या आजाराचं नेहमीचं कारण वेगळं असतं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून आपल्या ग्रंथीवर हल्ला करते. १९१२ साली हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी अशा ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव या आजाराला मिळालं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि चहाला निदान अर्धा तास तरी थांबावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घेऊ नयेत, मध्ये चार तासांचं अंतर ठेवावं. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावं. आणि आकडा ठीक आला म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. हाक थांबली आहे ती गोळीमुळे. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेणं तर धोक्याचंच. प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो, प्रत्येक वाढलेलं वजनही नसतं. तपासल्याशिवाय आळशी म्हणू नये, तसं तपासल्याशिवाय थायरॉइडही म्हणू नये.

गरोदरपणाबद्दल मात्र आवर्जून सांगते. पहिले साधारण तीन महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. त्यामुळे ही गोळी घेणाऱ्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटावं. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. 'गरोदरपणात औषध नको' म्हणून ही गोळी थांबवणं, यासारखी चूक नाही.

आता दुसरा प्रसंग, गुणी बाळाचा.

पहिल्या प्रसंगानंतर काही वर्षांनी एका वस्तीवरचं जोडपं आपल्या मुलाला घेऊन आलं. खोकल्यासाठी आले होते. मूल अकरा महिन्यांचं, पण बसत नव्हतं. मान नीट सावरत नव्हतं. जीभ जाड, जराशी बाहेर आलेली. पोट फुगलेलं, बेंबी पुढे आलेली. हातपाय गार. मी आईला बाकीचं विचारू लागले, तर आजी कौतुकानं म्हणाली, "लई गुणी बाळ आहे. कधी रडत न्हाई. दुधालासुद्धा उठवावं लागतं. जन्मल्यावर कावीळ तेवढी महिनाभर राहिली."

श्रोतेहो, बाळ रडत नव्हतं, कारण रडण्याएवढी ताकद त्याच्या शरीराला कोणी देत नव्हतं. त्याची थायरॉइड जन्मापासूनच काम करत नव्हती. मी त्याच दिवशी रक्त पाठवलं आणि उपचार सुरू केले. मूल वाढलं. उंची वाढली, तीन वर्षांचं झाल्यावर चालू लागलं. पण बुद्धीची जी हानी पहिल्या महिन्यांत झाली होती, ती भरून निघाली नाही. सुनेच्या बाबतीत माझे अकरा महिने फुकट गेले, तरी गोळीनं ती पूर्ववत झाली. या मुलाचे अकरा महिने परत आणणारं औषध नव्हतं. तो आज मोठा माणूस आहे. शेळ्या राखतो, प्रत्येक शेळीला नावानं ओळखतो, मला दिसला की हात हलवतो. दुकानातून आणलेले सुटे पैसे मात्र त्याला मोजता येत नाहीत. त्याच्या आईनं मला एकदा विचारलं होतं, "बाई, जन्मल्याबरोबर कळलं असतं, तर?" मी खोटं बोलू शकले नाही. जन्मल्याबरोबर कळलं असतं तर बहुधा तो इतर मुलांसारखाच शाळेत गेला असता.

आणि हे कळू शकतं. जन्मताना अशी बहुतेक बाळं अगदी निरोगी दिसतात, कारण आईचं थोडं थायरॉक्सिन त्यांच्या अंगात असतं. म्हणून नुसतं पाहून उपयोग नाही, तपासावं लागतं. जन्मानंतर अठ्ठेचाळीस तास उलटले की बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब खास कागदावर घ्यायचे, बस. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सत्तरच्या दशकात ही पद्धत सुरू झाली आणि अनेक देशांत ती नेहमीची झाली. आपल्याकडे गोव्यानं २००८ साली नवजात बाळांच्या अशा तपासण्यांचा कार्यक्रम राज्यभर हाती घेतला होता. जगभरात साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. भारतात केलेल्या पाहणीत तो याहून जास्त, हजार-दीड हजारांत एक असा आढळला. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर ही मुलं सहसा इतरांसारखीच वाढतात. औषधाचा रोजचा खर्च हॉटेलातल्या एका चहापेक्षाही कमी आहे.

माझी नात झाली, तेव्हा मी प्रसूतिगृहात या तपासणीबद्दल विचारलं. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "अहो आजी, बाळ किती छान आहे. कशाला उगीच टाचेला टोचायचं?" मी म्हटलं, "छान आहे म्हणूनच टोचा." टोचलं. नात पाच मिनिटं गावभर ऐकू जाईल अशी रडली. अहवाल चांगला आला.

तुमच्या घरात लवकरच पाळणा हलणार असेल, तर एवढंच करा. बारशाच्या तयारीच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवा : टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी, तिसऱ्या दिवशी. आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)